छाटणीच्या यादीतली ढोली : मुलुंडमधील राखी धनेशाच्या एका घरट्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मुलुंड पश्चिमेला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरउतारापासून पायी वीसेक मिनिटांवर असलेल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आवारात घडले. संस्थेचे, कंत्राटदाराचे आणि रहिवाशांचे नाव येथे दिलेले नाही आणि इमारत ओळखू येईल असे तपशील वगळले आहेत. मी शेजारच्या इमारतीत राहते. परिसरातील पक्ष्यांच्या नोंदी अनेक वर्षांपासून ठेवत आले असल्यामुळे संस्थेच्या सचिवांनी मला बोलावले आणि पुढचे दोन महिने मी या प्रकरणात अगदी जवळून गुंतलेली होते.

आवारात एकंदर एकोणचाळीस झाडे आहेत. त्यांपैकी सर्वांत जुने झाड म्हणजे फाटकाजवळचा पर्जन्यवृक्ष. इमारत उभी राहण्याच्या आधीपासून तो तेथे आहे, असे पहिल्या पिढीतले रहिवासी सांगतात. त्याची एक जाड फांदी पार्किंगच्या पत्र्यावर झुकलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी याच फांदीवरची एक उपफांदी सरळ कापून टाकण्यात आली होती. कापलेल्या जागी साल पूर्ण जुळून आली नाही, पाणी मुरत गेले, आतले लाकूड कुजले आणि जमिनीपासून सुमारे पंचवीस फुटांवर एक खोल ढोली तयार झाली. धनेशाच्या चोचीने लाकूड पोखरता येत नाही, त्यामुळे त्याला स्वतःची ढोली करता येत नाही आणि तयार ढोलीवरच त्याची सारी भिस्त असते. चुकीच्या पद्धतीने केलेल्या एका जुन्या छाटणीतून हे घर मिळाले होते, ही गोष्ट पुढच्या चर्चेत मला सतत आठवत राहिली.

राखी धनेश हा भारतीय उपखंडाबाहेर न आढळणारा पक्षी आहे. लांबी साधारण 60 सेंटिमीटर, अंगावर धुरकट राखाडी रंग, लांब शेपटी आणि वाकड्या चोचीवर लहानसे शिंग. त्याचा मुख्य आहार फळांचा, त्यातही वड, पिंपळ, उंबर या वर्गातल्या झाडांच्या फळांचा. मुंबईजवळच्या एका घरट्याच्या अभ्यासात खरवत, करवंद, धामण, मोई आणि कांडोळ या झाडांची फळेही त्याच्या आहारात नोंदली गेली आहेत. फळांच्या जोडीला तो कीटक, सरडे आणि क्वचित इतर पक्ष्यांची पिल्लेही खातो. फळ अख्खे गिळायचे, गर पचवायचा आणि बी दुसरीकडे कोठे तरी टाकायचे, या त्याच्या सवयीमुळे डोंगरातल्या झाडांची पेरणी होते. ज्या पर्जन्यवृक्षावर हे घरटे होते तो मूळचा मध्य व दक्षिण अमेरिकेतला, त्याच्या शेंगांचा धनेशाला उपयोग नाही. म्हणजे घर एका झाडावर आणि अन्न दुसऱ्याच झाडांवर अशी या जोडीची विभागणी होती. अन्न येत होते ते मंदिरामागच्या पिंपळावरून, रस्त्याकडेच्या दोन वडांवरून आणि पलीकडच्या डोंगरावरून.

वीण साधारण एप्रिल ते जून या काळात होते. मादी ढोलीत शिरते आणि तोंड स्वतःची विष्ठा व नराने आणून दिलेला चिखल यांनी लिंपून घेते. शेवटी एक उभी, अरुंद फट तेवढी उरते. आत बसल्यावर तिची उडण्याची पिसे झडतात. नवी पिसे येईपर्यंत ती उडू शकत नाही आणि तिचे व पिल्लांचे सगळे अन्न त्या फटीतून एकटा नर पुरवतो. या प्रकरणातला प्रत्येक निर्णय याच एका गोष्टीभोवती फिरला.

समस्या

मुंबईत पावसाळ्यापूर्वी झाडांची छाटणी करणे ही चैन नव्हे. दर पावसाळ्यात फांद्या आणि झाडे कोसळून माणसे जखमी होतात, काही दगावतात. या संस्थेतही दोन वर्षांपूर्वी गुलमोहराची फांदी एका रिक्षाच्या टपावर पडली होती आणि चालक थोडक्यात वाचला होता. त्यामुळे कार्यकारिणीने त्या वर्षी वेळेवर अर्ज केला, शुल्क भरले आणि रीतसर परवानगी मिळवली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातला शनिवार ठरला. यादीत नऊ झाडे होती आणि पहिला क्रमांक पर्जन्यवृक्षाचा होता.

घरटे पहिल्यांदा लक्षात आले ते माळीकाकांच्या. रोज सकाळी झाडून काढलेल्या जागेवर दुपारपर्यंत पुन्हा बिया आणि पांढरे शिंतोडे पडतात, आणि तेही खोडाच्या एकाच बाजूला, हे त्यांना आठवडाभर खटकत होते. त्यांनी वॉचमनला विचारले, वॉचमनने वर पाहिले आणि म्हणाला, “तो मोठ्या चोचीचा पक्षी सारखा इथेच येतो, पण बसत नाही, खोडाला चिकटतो.” हे बोलणे सचिवांच्या कानावर गेले ते शुक्रवारी संध्याकाळी, म्हणजे कामाच्या आदल्या दिवशी.

माझ्या वहीत 27 मार्चला नर आणि मादी त्याच फांदीवर एकत्र दिसल्याची नोंद होती. त्यानंतर फक्त नर दिसत होता. मादी आत बसली असावी हे मला एप्रिलच्या सुरुवातीलाच कळायला हवे होते, खरे तर तसा संशय आलाही होता. परंतु घरट्याचा बोभाटा होऊ नये म्हणून मी गप्प राहिले आणि संस्थेला सांगितले नाही. छाटणीचा अर्ज झाला आहे हे मला ठाऊक नव्हते, आणि धनेश आत बसला आहे हे कार्यकारिणीला ठाऊक नव्हते. दोन्ही माहित्या एकाच आवारात असूनही एकमेकींना भेटल्या नाहीत.

शनिवारी सकाळी साडेसहाला मी दुर्बीण घेऊन खाली उभी राहिले. नर आधी समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर येऊन बसला. पाच-सहा मिनिटे त्याने सगळे न्याहाळले. मग एका झेपेत खोडाशी आला, नख्यांनी साल पकडली, शेपटी खोडावर टेकवली आणि मान मागे घेतली. गळा हलला आणि चोचीच्या टोकाशी एक पिकले पिंपळफळ आले. ते त्याने फटीत सरकवले. आतून काळसर चोचीचे टोक क्षणभर दिसले आणि फळ नाहीसे झाले. पुन्हा गळा हलला, पुन्हा एक फळ आले. अशी मी एकोणीस फळे मोजली. विसाव्या वेळी त्याने नुसतीच मान हलवली आणि तो उडून गेला. सचिव माझ्या शेजारी उभे राहून हे सगळे पाहत होते. त्यांच्या हातात परवानगीचे पत्र होते.

आठ वाजता कंत्राटदाराची माणसे दोर, शिडी आणि यांत्रिक करवत घेऊन आली. घरट्याचे सांगितल्यावर त्यांच्या मुकादमाने जे उत्तर दिले ते चुकीचे नव्हते : “साहेब, पत्रात झाडाचा नंबर आहे, कोणती फांदी ठेवायची ते लिहिलेलं नाही. आज नाही केलं तर पुन्हा माणसं मिळायला महिना जाईल, आणि तोवर पाऊस येईल.” मुंबईत मान्सून पोहोचण्याची हवामान खात्याने ठरवलेली सर्वसाधारण तारीख 11 जून आहे. 27 मार्चला मादी आत गेली असे धरले, तर पिल्ले बाहेर पडेपर्यंत जूनचा पहिला पंधरवडा उजाडणार होता. पक्ष्याला लागणारा वेळ आणि पावसाने दिलेली मुदत, दोन्ही एकाच आठवड्यावर येऊन आदळत होत्या.

पहिला निर्णय सचिवांनी तेथेच, उभ्या उभ्या घेतला. त्यांनी पर्जन्यवृक्षाचे काम त्या दिवसापुरते थांबवले, कंत्राटदाराला दिवसाची मजुरी देण्याचे कबूल केले आणि रविवारी संध्याकाळी तातडीची सभा बोलावली. कोणताही ठराव नसताना खर्चाची जबाबदारी अंगावर घेणे सोपे नसते. तो एक दिवस मिळाला नसता तर पुढची चर्चाच झाली नसती.

“या पक्ष्याला धोका नाही, मग अडचण काय?”

सभेला तीसहून अधिक सभासद आले. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारला तो एका सनदी लेखापाल सभासदाने. त्यांनी मोबाइलवर आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाची, म्हणजे आययूसीएनची लाल यादी उघडली आणि वाचून दाखवले की राखी धनेशाची वर्गवारी ‘लीस्ट कन्सर्न’ आहे. “म्हणजे तूर्त चिंता नाही असं तेच म्हणतात. मग मुलांच्या डोक्यावरची फांदी आपण कशासाठी ठेवायची?” त्यांचा नातू त्याच पार्किंगमध्ये सायकल चालवतो. प्रश्न मनापासून विचारलेला होता आणि त्याचे नीट उत्तर देणे माझे कामच होते.

लाल यादी एका प्रजातीचा तिच्या संपूर्ण प्रदेशातला नामशेष होण्याचा धोका मोजते. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांपैकी जो काळ मोठा असेल त्यात, संख्या निदान 30 टक्क्यांनी घटणे, किंवा प्रौढ पक्ष्यांची संख्या 10,000 च्या खाली जाऊन ती घटतच राहणे, असे काही निकष पूर्ण झाले की प्रजाती ‘व्हल्नरेबल’, म्हणजे असुरक्षित मानली जाते. राखी धनेश हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेपर्यंत पसरलेला आहे, विरळ झाडीत, बागांत आणि शहरांतही राहतो, त्यामुळे तो या निकषांत बसत नाही, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्या नोंदीतून मुलुंडमधल्या एका जोडीविषयी काहीही कळत नाही. मुंबईत किती जुन्या ढोल्या उरल्या आहेत, हेही त्या यादीला विचारून उपयोग नाही.

त्याच कुळातल्या इतर पक्ष्यांकडे पाहिले की ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. महाराष्ट्रात धनेशाच्या चार जाती आढळतात. महाधनेशाची नोंद 2018 मध्ये ‘नियर थ्रेटन्ड’, म्हणजे संकटाच्या उंबरठ्यावरच्या, वर्गातून वर सरकवून ‘व्हल्नरेबल’ करण्यात आली. मलबारी राखी धनेशही आता त्याच वर्गात आहे आणि मलबारी कवड्या धनेश ‘नियर थ्रेटन्ड’ आहे. या पक्ष्यांवर वेळ आली ती प्रामुख्याने जंगल तुटल्यामुळे, जुनी, जाड बुंध्याची झाडे गेल्यामुळे आणि काही भागांत शिकारीमुळे. कोकणात कोणाच्या खासगी जागेतला किंवा देवराईतला जुना बेहडा, जुना आंबा तुटला की फळे देणारी झाडे उरतात, पण घरटे करायला जागा उरत नाही. राखी धनेश त्या वाटेवर नाही, कारण त्याला लहान झाडे आणि माणसांची वस्ती चालते. तरीही ढोलीची गरज त्याला महाधनेशाइतकीच आहे, आणि शहरात नेमकी तीच गोष्ट आपण दर उन्हाळ्यात ‘धोकादायक’ म्हणून कापून टाकतो.

वर्गवारीपेक्षा वेगळा असा कायद्याचाही भाग होता. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या लोकांना वाटते त्याहून व्यापक आहे. वन्य पक्ष्यांच्या बाबतीत अंड्यांना इजा करणे, तसेच अंडी किंवा घरटे यांना उपद्रव देणे हेही तिच्यात येते. छाटणीची परवानगी महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रातील झाडांविषयीच्या 1975 च्या कायद्याखाली मिळते आणि ती झाडापुरती असते. झाडावरच्या घरट्याला हात लावण्याची मुभा तिच्यातून मिळत नाही. हे समजल्यावर सभेचा सूर बदलला, हे मान्य केले पाहिजे. मला मात्र सभासदांनी केवळ कायद्याच्या धाकाने हा निर्णय घेऊ नये असे वाटत होते, म्हणून सकाळी मोबाइलवर घेतलेले नराच्या एकोणीस फळांचे चित्रीकरण मी सर्वांना दाखवले. एक ज्येष्ठ सभासद म्हणाल्या की फोर्टमधल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या मुख्यालयाचे नाव ‘हॉर्नबिल हाऊस’, म्हणजे धनेशाचे घर, असे का आहे हे त्यांना आज उमगले. त्या संस्थेच्या कार्यालयात 1894 पासून 1920 पर्यंत ‘विल्यम’ नावाचा महाधनेश राहत होता आणि तिच्या बोधचिन्हावर आजही महाधनेश आहे. मुंबईचा या पक्ष्याशी असलेला संबंध असा शंभर वर्षांहून जुना आहे.

समोर असलेले पर्याय

सभेत चार मार्ग चर्चेला आले.

पहिला, ठरल्याप्रमाणे छाटणी करणे. तो कायद्याने आणि मनाने दोन्हीकडून बाद झाला. दुसरा, संपूर्ण छाटणी पावसाळ्यानंतर करणे. पक्ष्यासाठी हा सर्वांत सोपा मार्ग होता, पण उरलेल्या आठ झाडांपैकी दोन गुलमोहर खरोखरच धोकादायक होते, आणि एका घरट्यासाठी माणसांचा जीव टांगणीला लावणे मला स्वतःलाही पटत नव्हते.

तिसरा मार्ग सर्वांत भले चिंतणाऱ्या सभासदांनी सुचवला आणि त्यावर सर्वांत जास्त वेळ गेला. ढोली अलगद उघडावी, मादीला आणि अंड्यांना बाहेर काढावे, बचाव केंद्रात न्यावे आणि मग फांदी कापावी. ऐकायला हे दयाळूपणाचे वाटते. परंतु त्या वेळी मादीच्या पंखांची आणि शेपटीची पिसे झडलेली असणार, म्हणजे ती उडू शकणार नव्हती. ढोली फोडताना अंडी वाचण्याची शक्यता नव्हती. नर दुसऱ्या जागी येऊन तिला भरवेल, हे तर होणारच नव्हते. शिवाय वन खात्याच्या परवानगीविना असे काही करणे हाच गुन्हा ठरला असता. मदत करण्याची इच्छा असलेल्या माणसांना “काही करू नका” हे पटवणे विरोध करणाऱ्यांना पटवण्यापेक्षा अवघड जाते, असा माझा अनुभव आहे.

चौथा मार्ग मधला होता. ढोली आणि तिच्या खालचा-वरचा भाग तसाच ठेवायचा, फांदीच्या टोकाकडचे वजन मात्र कमी करायचे, खालची जागा पिल्ले उडेपर्यंत बंद ठेवायची आणि इतर आठ झाडे हातकरवतीने छाटायची. ढोली आहे म्हणजे फांदी कमकुवतच आहे असे नसते. भोवतीचे निरोगी लाकूड पुरेसे जाड असेल तर पोकळ फांदी वर्षानुवर्षे टिकते. फांदी मोडते ती बहुधा टोकाकडचा भार आणि वारा यांच्या जोरावर. झाडांची कामे जाणणाऱ्या एका अनुभवी व्यक्तीला आम्ही दुसऱ्याच दिवशी बोलावले. त्यांनी वर न चढता, दुर्बिणीतून आणि खालून फांदीची जाडी, बुंध्याशी असलेला सांधा आणि सालीवरच्या भेगा पाहिल्या. सांधा पक्का आहे, टोकाचा एक तृतीयांश भार उतरवला तर पावसाळा निघेल, पण लेखी हमी देता येणार नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. सभासदांनी हीच गोष्ट मान्य करून चौथा मार्ग निवडला. सहा जण विरोधात होते आणि त्यांची नावे व कारणे ठरावात नोंदवली गेली. मला ते योग्य वाटले.

काय केले

वन विभागाला आणि परवानगी देणाऱ्या कार्यालयाला घरट्याची लेखी माहिती दिली, सोबत छायाचित्रे जोडली आणि पर्जन्यवृक्षाच्या कामाचे स्वरूप बदलत असल्याचे कळवले. पार्किंगमधल्या सहा गाड्यांची जागा दोऱ्या बांधून बंद केली. त्या सहा कुटुंबांना गाडी रस्त्यावर लावावी लागली आणि त्याचा त्रास दोन महिने त्यांनी सोसला, हे सांगितल्याशिवाय हे टिपण पूर्ण होणार नाही.

काम पुढच्या आठवड्यात सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी आमची चूक झाली. घरट्यापासून पन्नास फुटांवरच्या गुलमोहरावर कामगारांनी हातकरवतीऐवजी यांत्रिक करवत चालवली. आम्ही कंत्राटदाराशी फक्त अंतराविषयी बोललो होतो, आवाजाविषयी नाही. नर सकाळी सव्वानऊला टाकीवर आला, करवत सुरू होताच उडाला आणि साडेबारापर्यंत परतला नाही. माझ्या वहीत त्याआधीच्या दिवसांत दोन फेऱ्यांमधले सर्वांत मोठे अंतर सव्वा तासाचे होते. एप्रिलच्या उन्हात, बंद ढोलीत, बाहेर येऊ न शकणारी मादी आणि तीन तास काहीही नाही. फटीतून दोनदा चोचीचे टोक बाहेर आलेले मी पाहिले. साडेबाराला मी काम थांबवण्याची विनंती केली आणि सचिवांनी ती मानली. करवत बंद झाल्यावर वीस मिनिटांनी नर आला.

त्यानंतर आम्ही नियम बदलला. घरट्यापासून किती फूट, हा हिशेब सोडून दिला आणि नराचे वागणे हेच माप धरले. नर टाकीवर येऊन दहा मिनिटांत खोडाशी उतरला नाही, तर काम थांबवायचे आणि माणसांनी झाडाखालून बाजूला व्हायचे. सकाळी दहापूर्वी आणि दुपारी चारनंतर फेऱ्या जास्त होत्या, म्हणून काम मधल्या वेळेतच करायचे. पर्जन्यवृक्षाच्या फांदीचे टोक याच पद्धतीने, हातकरवतीने, लहान लहान तुकडे दोराने खाली सोडत, तीन दुपारींत उतरवले. एका दिवसाचे काम तीन दिवस चालले आणि वाढीव मजुरी संस्थेने दिली. मुकादम सुरुवातीला नाखूष होता. तिसऱ्या दिवशी तोच आपल्या माणसांना “थांबा रे, तो आलाय” असे सांगत होता.

दुसरी अडचण अनपेक्षित होती. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका सभासदाने कौतुकाने घरट्याचे छायाचित्र पत्त्यासह एका मोठ्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर टाकले. पुढच्या रविवारी सकाळी फाटकाशी चौदा छायाचित्रकार उभे होते. काही जण आत आले, दोघांनी खोडासमोर तिपाई लावली. नर टाकीवर बसून राहिला, उतरला नाही. वॉचमन एकटा त्यांना बाहेर काढू शकला नाही. शेवटी दोन ज्येष्ठ सभासद खुर्च्या घेऊन झाडाखाली बसले आणि त्यांनी प्रत्येकाला हात जोडून जायला सांगितले. नंतर दोन आठवडे सुट्टीच्या दिवशी ही पाळी त्यांनी आळीपाळीने केली.

काय घडले

मेच्या शेवटच्या आठवड्यात एका रात्री वळवाचा जोराचा पाऊस झाला. गल्लीत दोन ठिकाणी फांद्या पडल्या, आमच्या आवारात काही पडले नाही. यावरून आमचा निर्णय बरोबर होता असा निष्कर्ष मी काढणार नाही. वारा थोडा वेगळ्या दिशेने असता तर काय झाले असते हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि दोऱ्या बांधून जागा रिकामी ठेवणे हीच आमची खरी खबरदारी होती.

2 जूनच्या सकाळी ढोलीचे तोंड मोठे झालेले दिसले. खाली वाळलेल्या लिंपणाचे तुकडे पडले होते, त्यात पिंपळाच्या बिया चिकटलेल्या होत्या. मादी शेजारच्या फांदीवर बसली होती, पंखांची पिसे नवी, स्वच्छ राखाडी. तिने एकदा पंख पूर्ण उघडून पाहिले आणि मिटले. पुढच्या दिवसांत नर आणि मादी दोघेही अन्न आणताना दिसले. पहिले पिल्लू 9 जूनला बाहेर आले. दुसरे 14 जूनला, भर पावसात, ढोलीच्या कडेवर पाऊण तास बसून मग पत्र्यावर उतरले आणि तेथून समोरच्या बदामावर गेले. आत अंडी किती होती हे कळायला मार्ग नव्हता, आम्हाला पिल्ले दोन दिसली. दोऱ्या 16 जूनला सोडल्या.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये जोडी परत आली. नराने तीन दिवस ढोलीत डोकावून पाहिले, पण तोवर पोपटांनी ती जागा धरली होती आणि जोडी निघून गेली. त्याआधी नोव्हेंबरमध्ये फांदीची पुन्हा तपासणी झाली तेव्हा सांध्याजवळ एक नवी भेग आढळली होती. तेव्हा फांदी आणखी आखूड केली, ढोली मात्र ठेवली. जवळच्या दुसऱ्या झाडावर लाकडी घरट्याची पेटी बसवली आहे. तिच्यात अजून कोणी आलेले नाही.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत आधी माझी चूक. घरटे गुप्त ठेवणे ही पक्षीनिरीक्षकांची जुनी शिस्त आहे आणि जंगलात ती योग्यच आहे. परंतु जेथे दरवर्षी एप्रिल-मेमध्ये करवत चालते त्या शहरी आवारात झाडाच्या मालकालाच अंधारात ठेवणे म्हणजे घरट्याला वाऱ्यावर सोडणे होय. मी सचिवांना आणि माळीकाकांना, फक्त त्या दोघांना, एप्रिलच्या पहिल्या दिवशी सांगायला हवे होते. तसे केले असते तर त्या शनिवारची धावपळ टळली असती आणि करवतीच्या आवाजाविषयी विचार करायला दोन आठवडे मिळाले असते. उलट छायाचित्राच्या बाबतीत नेमके विरुद्ध घडले. सर्वांना माहिती दिली, पण ती कोणाला सांगायची नाही हे सभेत कोणी स्पष्ट बोलले नाही. ते ठरावातच लिहायला हवे होते.

दुसरे म्हणजे छाटणीची वेळ. पावसाळ्यापूर्वीची छाटणी एप्रिल-मेमध्येच व्हावी असे कोठेही बंधन नाही, ती त्या वेळी होते कारण आठवण तेव्हा होते. हीच कामे डिसेंबर-जानेवारीत केली तर धनेशाची वीण सुरू होण्याआधी ती संपतात, झाडांना जखम भरून काढायला वेळ मिळतो आणि कंत्राटदारही सहज मिळतो. संस्थेने आता अर्जाचा महिना ऑक्टोबर ठरवला आहे. अर्थात हिवाळ्यातही काही पक्षी घरटी करतात, तांबट त्यांपैकी एक, त्यामुळे महिना बदलला म्हणून वर पाहण्याचे काम संपत नाही.

तिसरे, फांदीच्या मजबुतीविषयी आम्ही एकाच व्यक्तीच्या मतावर अवलंबून राहिलो. विरोधात मत देणाऱ्या सहा जणांची हीच मुख्य हरकत होती आणि ती रास्त होती. दुसरे मत घ्यायला चार दिवस लागले असते आणि तेवढे दिवस आमच्याजवळ होते.

संस्थेच्या झाडांच्या नोंदवहीत क्रमांक, जात, घेर आणि शेवटच्या छाटणीची तारीख असे रकाने पूर्वीपासून होते. आता ‘ढोली’ असा एक रकाना वाढवला आहे आणि छाटणीच्या अर्जाआधी माळीकाकांनी तो भरून सही करायची असे ठरले आहे. पहिल्या पाहणीत पाच नोंदी झाल्या : दोन ठिकाणी पोपट, एका ठिकाणी पिंगळ्याची जोडी, एक ढोली रिकामी, आणि पाचवी मागच्या भिंतीजवळच्या आंब्यावर, जिच्यापुढे माळीकाकांनी पेन्सिलीने लिहिले आहे, “मार्चमध्ये पुन्हा बघणे.”